बिघडलं तर कोण बघणार

शहागंज, छत्रपती संभाजीनगर
४ मे २०२५

चि. प्रेरणास अनेक आशीर्वाद.

फोन केला नाय. फोनवर तू नुसती हो-हो करतीस अन् मागून टाईप केल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू येतो. पत्र तरी वाचशील.

मापं टाकली की कपड्याचे नमुने काढून देणारं तुझं फुकटचं सॉफ्टवेअर दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसवायला घेतलं. दोनदा ‘पुढे’ दाबलं. मग भलं लांबलचक इंग्रजी आलं, खाली ‘मान्य आहे’. न वाचता मी जल्मात कशाला हो म्हटलं नाय. शेजारच्या वकिलाकडून वाचून घेतलं, तर काय, बिघडलं तर करणारा जबाबदार नाय! अगं, शिलाई मशिनी विकताना मी असं बोललो असतो, तर अजून हातगाडीवर सुया विकत असतो.

माझ्याकडनं मशीन घेतलेली फुलंब्रीची करुणा, शाळेच्या गणवेशांचं काम घेऊन बसलीय. मी बसवल्याशिवाय ती बसवणार नाय, अन् जून तोंडावर आलाय.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.
तुझा बन्सीमामा

पुणे, ९ मे

ती. बन्सीमामांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकं धरून बसले. नवख्या माणसाला सोपं जावं म्हणून महिनोन्‌महिने या इन्स्टॉलरवर घालवले. बटणं मराठीत केली, अवघड प्रश्न काढून टाकले. आणि तुम्ही अडलात कुठं, तर जगात कुणीच वाचत नाही त्या पानावर! कुणीही फुकट घ्यावं, उघडून दुरुस्त करावं, अशा सॉफ्टवेअरला ही अट असतेच. आम्ही नोकऱ्या सांभाळून हे करतो; जबाबदारी कुठून घेणार? आई म्हणते, तुम्ही बोहल्यावरसुद्धा भटजींना मंत्रांचे अर्थ विचारत होता.

पाया पडते, दाबा ते बटण. रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.
प्रेरणा

शहागंज, १४ मे

चि. प्रेरणास आशीर्वाद.

आईला सांग, अर्थ विचारले म्हणून संसार टिकला.

फुकट पाणपोई घातली तरी पाणी गढूळ निघालं की लोक घालणाऱ्यालाच शोधत येतात. तू नाय तर नाय, पण नाव घ्यायला कुणीतरी माणूस पाहिजे. काल करुणा येऊन विचारून गेली, काका, बसवलं का. गिऱ्हाइकापुढं मी पहिल्यांदा मान खाली घातली.

लोभ आहे, पण वैतागलोय लई.
बन्सीमामा

पुणे, १९ मे

ती. मामांस शि. सा. न.

घ्या, हरले. नवी फाईल पाठवलीय. त्या इंग्रजीच्या आधी एक मराठी पान घातलंय: अडलं, बिघडलं तर बन्सीमामांना विचारा, शहागंज. खाली दुकानाचा नंबर. तुम्ही ‘मान्य आहे’ दाबलंत, की हेच पान सगळ्यांना जाईल. तेव्हा नीट वाचून दाबा!

लोभ तुमच्या मर्जीवर.
प्रेरणा

शहागंज, २२ जून

चि. प्रेरणास आशीर्वाद.

वाचूनच दाबलं होतं. करुणाचे गणवेश वेळेत गेले, पोरं घालून फिरतायत.

पण बये, इथं जेवू देत नायत लोक! नांदेडचा शिंपी, बेळगावची कॉलेजातली पोर, सगळ्यांचा मी मामा. काल रत्नागिरीहून एक बाई विचारत होत्या, ते इंग्रजी वाचून घ्यायला वकील मिळंना, काय करू. वैतागून म्हणालो, दाबा हो बाई, मी बसलोय ना इथं.

लोभ असू दे. अन् पत्रच लिहीत जा, फोन लागायचा नाय.
तुझा अन् आता सगळ्यांचाच
बन्सीमामा