करडाला लावलेला साबण

मंगळवार, संध्याकाळ

कपाळ माझं! आज आमची शेळी चंद्री व्याली, दोन करडं झाली. ह्यांनी उद्यमबागेतल्या कारखान्यातनं आल्या आल्या धाकट्या करडाला आमच्या तान्हीच्या साबणानं आंघोळ घातली. का? तर म्हणे, "लई घाण दिसत हुतं गं!"

अहो, शेळी पिल्लू वासानं ओळखते, एवढं बी ठावं न्हाय? आता चंद्री थोरल्याला चाटते, पाजते आणि धाकट्याला ढुशी मारून हाकलते. सासूबाई म्हणाल्या, "घे, आता तूच पाज बाटलीनं." तान्हीच्या मागं आधीच जीव मेटाकुटीला आलाय!

चिडूनच उचललं. थरथरत होतं. अंगाला तोच साबण, तान्हीचाच वास. चंद्रीनं ज्या वासापायी लोटलं, त्याच वासापायी मला ते खाली ठेववेना.