चौथी-पाचवीचं छत आणि तुझे मिटलेले डोळे

प्रिय माय,

तुला जाऊन वर्ष झालं, काल तुझं पहिलं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, खीरदान झालं, माणसं जेवून गेली. आज रविवारी सकाळपासून वही घेऊन बसले आहे. उद्या साडेदहाला शाळा भरेल. त्याआधी मला एक गोष्ट ठरवायची आहे. तुझ्याशिवाय कोणाला विचारू?

माझी शाळा तू पाहिली आहेस. सातपुड्याच्या पायथ्याची, दोन खोल्यांची. मी मुख्याध्यापिका, सोबत एक गुरुजी. गेल्या मंगळवारी मधल्या सुट्टीत चौथी-पाचवीच्या छताचा मोठा तुकडा पडला, थेट चौथीतल्या खुशीच्या जागेवर. ती खिचडीआधी हात धुवायला गेली होती म्हणून वाचली. वर गज उघडे पडलेत, माय! आणि बुधवारी मी पोरांना त्याच खोलीत बसवलं, जरा भिंतीकडे सरकवून. हो, मीच बसवलं.

कागदी घोडे मात्र भरपूर नाचवले. अर्ज पाठवले, फोटो पाठवले, फोन केला. तालुक्याचे शिक्षणाधिकारी साहेब म्हणाले, "मॅडम, वरून पत्र येईपर्यंत जैसे थे ठेवा. परस्पर काही केलं तर जबाबदारी तुमची." दुसऱ्या खोलीत आधीच तीन वर्ग कोंबलेले. पंचायतीच्या हॉलमध्ये रेशनची पोती. गावात पक्कं आणि मोकळं छप्पर एकच आहे, आपल्या लोकांच्या वस्तीतलं बुद्धविहार.

शाळा समितीचे नाना माणूस वाईट नाहीत. पण शुक्रवारी व्हरांड्यात आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, पोरेस्ले इहारमा बसाडशात, ते लोके काय म्हनतीन? मॅडम शाळा आपला लोकेसकडे लई गई, असंच म्हनतीन ना?"

मला राग यायला हवा होता. मी चक्क मान डोलावली!

खरं सांगू? साहेबांच्या पत्राची मला तेवढी भीती नाही. नानांनी बोलून दाखवलं ते, 'मॅडम शाळा आपल्या लोकांकडे घेऊन गेली' हे वाक्य गेली वीस वर्षं माझ्या मानेवर बसलेलं आहे. ते कोणी म्हणू नये म्हणून मी शाळेत किती जपून वागले! आता खोली बंद करावी तर ते वाक्य गावभर होणार, नाही करावी तर पोरांच्या डोक्यावर उघडे गज. कुठूनही निघायला वाट दिसत नाही.

आणि मी काय केलं, तर ध्यानाला बसले. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केल्यापासून रोज बसते, तुला माहीत आहे. गुरुजी मला 'शांत मॅडम' म्हणतात, मलाही ते आवडतं. समता ठेवायची, सगळं अनित्य आहे, हेही जाईल, असं स्वतःला समजावत पाच दिवस काढले. छत अनित्य आहे हे तर खरंच! पण ते जाताना कोणाच्या अंगावर पडणार, एवढा साधा प्रश्न मी डोळे मिटून टाळत होते. घाबरटपणाला किती छान नाव दिलं होतं मी!

हे मी तुझ्याकडूनच उचललं, माय, म्हणून तुझ्यावर थोडी रागावलेही आहे. आठवतं, पाचोऱ्याकडे तू कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादम होतीस? मी सातवीत होते, सुट्टीची तुझ्यासोबत आले होते. शेतमालकाने प्यायचं पाणी फवारणीच्या औषधाच्या ड्रममध्ये भरून ठेवलं होतं. तू वास घेतलास, बांधावर बसलीस, डोळे मिटलेस. बाया कुजबुजत होत्या, काम सोडलं तर हा मालक पुन्हा बोलवणार नाही म्हणून. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "आते उठा व बायास्वन. आठे काम कराना नही." भर वेचणीत बठ्ठी, सगळीच्या सगळी टोळी तुझ्यामागे निघाली.

मला त्यातलं काय लक्षात राहिलं? तुझे मिटलेले डोळे. त्यानंतर तू उठलीस, ते मी सोडूनच दिलं.

काल जेवणं झाल्यावर तुझ्या टोळीतल्या अक्काला मी म्हटलं, "माय किती शांत होती ना त्या दिवशी!" अक्का हसायलाच लागली. "शांत? अवं, तिना पाय लटलट कापी ऱ्हायंतात. माना खांदा धरीसन उठनी ती. म्हने, अक्का, माले भ्याव वाटस, पन बाया हाई पानी पितीन ते मरतीन."

तू हे मला का नाही सांगितलंस गं? एवढी वर्षं मी वाट पाहत राहिले, भीती आधी जाईल, मन निवळेल, मग करू. तू बांधावर बसून भीती घालवत नव्हतीस तर! ती आहे हे नीट पाहत होतीस, आणि त्या पाण्याकडेही पाहत होतीस. मग उठत होतीस.

तुला वचन देते. उद्या साडेदहाच्या आत मी त्या खोलीला कुलूप लावीन. रजिस्टरमध्ये आदेश लिहीन, खाली माझी एकटीची सही. नानांच्या घरी आधी जाईन, त्यांच्या पाचवीतल्या नातवाला हाताला धरून विहारात न्यायला स्वतः मागीन. दिला तर चांगलं. नाही दिला तरी विहारात फळा लावीन आणि एक पोर आलं तरी हजेरी घेईन.

बदली होईल, नोटीस येईल, ते वाक्यही म्हणतील. माझे पाय आत्ताच कापत आहेत, माय. कापू देत.

जयभीम.

तुझी,
सुनंदा