विहिरीपासून चार मीटर दहा

पर्वरी,
रविवार, १८ मे २०२५

ती. कृष्णनाथकाका,

नमस्कार. मी बरी आहे. गुडघा सोडला तर आईही बरी आहे. प्रभावतीकाकीने दिलेले फणसाचे गरे काल संपले.

म्हणजे शुक्रवारी मी चोपड्याला आले होते, हे काकीने सांगितलं असेलच. तुम्ही म्हापशाच्या बाजाराला जाता म्हणून मी तोच वार निवडला. शेजारच्या बंगल्याच्या जेटीवरून उतरून तुमच्या नदीकाठाला टेप लावत होते, तेवढ्यात तिने पाहिलं. "चोरासारकें कित्याक येता गो? घर वळखना काय आमचें?" म्हणाली आणि आत घेऊन गेली.

मापं अशी आहेत. गेल्या जूनपासून तुमचा काठ दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर आत आला. त्यात तीन माड गेले. विहिरीच्या कठड्यापासून काठ आता चार मीटर दहा सेंटिमीटरवर आहे. पाण्याचा नमुना आणून तपासला. अजून गोडं आहे. पण काठ याच गतीने ढासळला तर हा पावसाळा संपेपर्यंत नदीचं खारं पाणी विहिरीत उतरू लागेल.

याला कारण बंगल्याची भिंत आहे, आणि तिचा आराखडा माझा आहे.

तारेच्या जाळ्यांत दगड भरून केलेली ती बासष्ट मीटरची भिंत बंगल्याचा काठ नीट सांभाळते. पण अशी भिंत टोकाला सरळ तोडली, तर पाणी कोपऱ्यावरून वळतं आणि शेजारचा मऊ काठ पोखरतं. हे आम्हाला कॉलेजातच शिकवतात. टोक एक तर आत जमिनीत वळवायचं, नाही तर शेजारच्या काठात उतरतं नेऊन विरवायचं. आत वळवायला मालक तयार नव्हते. जेटीच्या पायऱ्या त्यांना तिथेच हव्या होत्या. तुमच्याकडे न्यायचं तर तुमची संमती लागत होती. आमचा मुकादम केरबा, बेळगावकडचा, तोही म्हणाला होता, "बाई, कोपरा मोकळा सोडलासा तर पाणी पाठीमागनं येतंय बघा." मी म्हटलं, संमती मागवली आहे.

मागवली होती. रजिस्टर पोस्टाने.

वाटणीच्या खटल्यापासून तुम्ही रजिस्टरचा कागद हातात घेत नाही. "म्हाका नाका, व्हर परत" असं पोस्टमनला सांगता. बाबा हे हसत सांगायचे, त्यामुळे मला ते ठाऊक होतं. म्हणूनच मी रजिस्टर केलं. पाकीट न उघडता परत आलं आणि मी फाइलमध्ये लिहिलं, 'शेजारील मालकाने नोटीस स्वीकारली नाही.' मग भिंत शिमेवर, तुमच्या हद्दीपाशी थांबवली.

पर्वरीहून चोपडे काही लांब नाही. येऊन विचारता आलं असतं. पण बाबांनी विकलेल्या वाट्यावरच तो बंगला उभा आहे, आणि त्याच जागेच्या कामासाठी तुमच्या दारात उभं राहायची माझी तयारी नव्हती. शिवाय बाबांच्या बाराव्याला तुम्ही आला नव्हता. तो राग त्या पाकिटात किती होता, मला सांगता येत नाही. नव्हता, असं मात्र लिहिणार नाही.

भिंत पुरी झाली त्या दिवशी तुम्ही तुमच्या बाजूला उभे होता. "शीम मनशांची गो. पाण्याक ती कोण दाखयतलो?" म्हणालात. मजूर हसले. मी नकाशा उलगडून त्यात बघत राहिले. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

गुरुवारी पंचायतीची पाहणी आहे. फाइल वाचली तर दोष तुमचा ठरतो. मी तिथे वरचं सगळं सांगणार आहे, आणि टोक बंगल्याच्याच जागेत वळवायचा नवा नकाशाही देणार आहे. माझ्या साहेबांना काल सांगितलं. "थोडं सबुरीनं घे," एवढंच ते म्हणाले. नोकरी राहील का, माहीत नाही. हे पत्र तुम्ही पंचायतीत दाखवा. त्यासाठीच खाली पूर्ण नाव घातलं आहे.

पण २७ तारखेला अमावास्या आहे, त्या दिवसांत भरती मोठी असेल. पक्कं काम तोवर होणार नाही. त्याआधी कोपऱ्यावर वाळूची पोती रचायला हवीत, आणि ती तुमच्या जमिनीत उभं राहूनच रचावी लागतील. उद्या सकाळी हे पत्र केरबा तुमच्या हातात देईल. पोत्यांचा टेम्पो आणि चार माणसं बाहेर रस्त्यावर थांबतील. मीही तिथेच असेन. तुम्ही नको म्हणालात तर टेम्पो परत नेऊ, तुम्हाला कारण विचारणार नाही. हो म्हणालात तर ते मला बोलावून सांगा, केरबाकडे निरोप देऊ नका. तोवर एकही पोतं उतरणार नाही.

तुमची पुतणी,
गौरवी सुदेश परब
स्थापत्य अभियंता