बुधवारचं पाणी

आबा, तुम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही होता तोवर मी कधी पत्र धाडलं नाही. आता तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, माझी नोकरीही संपली, आणि मी आज लिहायला बसलोय. वाचून दाखवायलाही मीच, म्हणजे लबाडीला पुन्हा जागा आहेच.

तुमचा हा मुलगा जन्माचा शंकेखोर. भाजीवाली "ताजी शे" म्हणाली, की मी देठ मोडून पाहणार. धुळ्याला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मला याच गुणावर घेतलं असावं. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. जीप आमच्या वाट्याला फक्त बुधवारी यायची. सोनगीर मागे पडलं, की मी बाटल्यांची पेटी मांडीवर घेऊन बसायचो आणि तापीकाठी आपल्याच गावात उतरायचो. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एक बुडबुडा राहता कामा नये, आणि काठावरच औषधाचे थेंब टाकायचे. माशांना पाण्यात श्वास घ्यायला किती प्राणवायू उरलाय, ते त्यावरून कळतं. तुम्ही नावेत उकिडवे बसून हसताय. "बाटलीमा नदी मावस का रे?" तुमची तपासणी निराळीच. जाळं टाकण्याआधी काठचा एक दगड उलटा करायचा. खाली अळ्या, गोगलगायी, किडे वळवळत असले तर जाळं टाकायचं, नाहीतर नाव पुढे न्यायची. मला हे अडाण्याचं काम वाटायचं. चार बुकं शिकलो होतो ना!

त्या उन्हाळ्यात धार पार बारीक झाली होती. सोमवारी डोहातले मासे मेले आणि बुधवारी मी पोचलो तेव्हा काठभर पांढरी पोटं उलटी पडलेली. वरच्या अंगाला पुठ्ठ्याचा कारखाना होता, त्याचं तांबूस पाणी नाल्यातून डोहात यायचं, त्यामुळे सगळं गाव कारखान्याला शिव्या घालत होतं. पण मी भरलेल्या बाटल्या एकजात चांगल्या निघाल्या. मग मासे मेले कशानं? आमचे साहेब म्हणाले, "तुमचे भोई लोक मासे गुंगवायला झाडाची साल टाकतात ना पाण्यात?" तुमचे! मला ते झोंबलं, आणि तिथेच डोक्यात किडा शिरला.

पुढच्या बुधवारी मी आपल्याच घरात चोरासारखा शिरलो. परसात टोपलीभर साल पडलेली, आणि चुलीवरच्या पातेल्यात तिचं लालभडक पाणी. सुताचं जाळं कुजू नये म्हणून ते सालीच्या पाण्यात उकळतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? लहानपणापासून तो वास नाकात बसलाय. पण तुमच्याकडे आता सुताचं जाळं होतं कुठे! पहिल्या पगारात मी तुम्हाला नायलॉनचं आणून दिलं होतं, आणि नायलॉनला साल लागत नाही. म्हणजे साल दुसऱ्याच कामाला. मी दारात उभा राहूनच विचारलं, "आबा, ही साल कशाला?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग पातेल्याकडे. "लागस," म्हणालात. बस, एवढंच. मग मलाच विचारलंत, "तू बुधवारलेच काबर येस रे? बुधवारले कारखाना बंद ऱ्हास. एखाद मंगळवारले ये, अन् दगड उलटा करीसन पाह्य." मला वाटलं, म्हातारा विषय टाळतोय. परतताना जीपमध्येच मी अहवालात लिहून टाकलं, की मच्छीमारांकडे विषारी साल आहे आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

डोहात मासेमारीला बंदी आली. तुम्ही नाव काठावर पालथी घातलीत आणि त्या वयात शिंदखेड्याला हमालीला जाऊ लागलात. दुसरा उन्हाळा काही तुम्ही पाहिला नाहीत.

तेराव्यानंतर अक्कानं तुमची पेटी उघडली. माझी थोरली बहीण म्हणून तो मान तिचाच. तळाशी माझं नायलॉनचं जाळं होतं, दुकानदारानं बांधलेली सुतळी जशीच्या तशी. पाणी त्याला लागलंच नव्हतं. अक्का म्हणाली, "आबानी हाई कधी वापरंच नही. भोकं बारीक शेतस, पिल्लं बठ्ठा अडकतस, म्हनेत. जुनं सुताचंच चालाडेत. तुले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही." आबा, मी तिथल्या तिथे मेलो असतो तर बरं झालं असतं.

लगेचच्या मंगळवारी रजा टाकून एसटीनं आलो. डोहाकाठचा दगड उलटा केला. खाली काळा चिकट गाळ, जिवंत असं काही नाही. बाटली भरली, तर तिच्यात प्राणवायू नावालासुद्धा नव्हता. साहेबांपुढे कागद ठेवला तेव्हा ते म्हणाले, "रजेच्या दिवशी घेतलेलं पाणी धरता येत नाही." माझी सालीची ओळ मात्र त्यांनी बिनबोभाट धरली होती. आयुष्यभर मी सगळ्यांवर शंका घेतली, एका बुधवारवर तेवढी घेतली नाही.

हे पत्र कुठे टाकणार? बाटल्यांच्या जुन्या पेटीत राहील. पण एक गोष्ट राहिली. बंदीचा कागद गावात आला, तेव्हा तुम्ही तो कुणाला न दाखवता माझ्यासाठी जपून ठेवलात. मी आलो तसा हातात दिलात आणि म्हणालात, "वाच रे, कोनी सांगं ते पाह्य." कोणाच्या सांगण्यावरून बंदी घातली, ते त्यात शेवटी लिहिलं होतं. मी तुम्हाला सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवला, आबा, ती ओळ सोडून.