तेल फक्त मारुतीला

चाचा, आज सकाळी आळेफाट्यावरच्या माझ्या दुकानात एक शाळामास्तर फटफटी ढकलत घेऊन आले. इंजिन नुकतंच बांधून घेतलेलं, आणि मागून निळा धूर. सिलिंडर गेला असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवून दिलं होतं, त्यामुळे चेहरा पार उतरलेला. माझ्या कामगारानं सवयीनं पाना उचलला आणि मी म्हणालो, "पाना ठेव खाली. आधी इचार, मंग खोल." म्हणालो आणि मलाच हसू आलं, कारण आवाज माझा असला तरी बोलणं सगळं तुमचं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या दुकानात अजून तुमचाच हुकूम चालतो. म्हणून दुपारचं जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलोय.

तुम्हाला घोडेगावच्या, हिरड्याचा व्यापार करणाऱ्या शेठची ती फटफटी आठवत असेल. मोठी लढाई संपून थोडे दिवस झाले होते. परत विलायतेला निघालेल्या कुणा साहेबाकडून शेठनी ती घेतली आणि महिन्याभरात इंजिन जाम करून पोत्यात घालून जुन्नरला तुमच्याकडे आणलं. तुमचं दुकान तेव्हा कुलपांचं, शिलाई मशिनींचं, आणि मी तिथं शिकाऊ. पाण्याशिवाय, नुसत्या वाऱ्यावर गार होणारं इंजिन तुम्हीही पहिल्यांदाच उघडत होता, पण तोंडावर तसं दाखवाल तर शपथ. सिलिंडरला बाहेरून लोखंडाचे पातळ पंख होते आणि त्यांत चिखल वाळून घट्ट बसला होता. तुम्ही काडीनं तो उकरत म्हणालात, "ह्याला श्वासच न्हाय घेऊ दिला, राव." मग सिलिंडर आतून घासायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. तेलात एमरीची पूड कालवून मी तो कितीतरी दिवस घासत होतो. चाचींनी माझ्या काळ्या हातांना स्वयंपाकघराचा उंबरा बंद केला होता आणि भाकरी वरूनच हातावर टाकायच्या.

त्या सिलिंडरवर माझं काय टांगलेलं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं. मी लग्न झालेला बाप्या, घर अवसरीला, आणि वडलांना हे लोखंडाचं वेड अजिबात पसंत नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं होतं की ही गाडी पेरणीपर्यंत नीट चालली तर जुन्नरात राहा, नाहीतर गुमान घरी येऊन नांगर धर. शेतीला मी वाईट म्हणत नाही. पण मला ते इंजिनच हवं होतं, चाचा. दुसऱ्या कशात माझा जीव रमत नव्हता.

गाडी बांधून झाली. जुन्नरच्या पेठेतून आपण ती फिरवली, धुराचा टिपूस नाही. शेठ खुशीत घोडेगावला गेले आणि आठवडा उलटायच्या आत परत आले. म्हणाले, तळेघरच्या वाटेला लागलं की मागं काही दिसत नाही, हिरडा आणणारी माणसं वणवा समजून पळतात. मी घासलेला सिलिंडर वाकडा झाला, खाल्ला गेला, दुसरं काय असणार? मी पाना घेऊन बसलोच होतो, तेवढ्यात तुम्ही हातातून काढून घेतलात. "खोलाया अक्कल लागत न्हाय. कुटं धूर येतो, कवा येतो, त्ये इचार आदी." त्या वेळी मला तुमचा रागच आला. माझं घर जळत होतं आणि तुम्ही शेठला चहा पाजत वाटेची चौकशी करत होता.

मग तुम्ही एकेक गोष्ट दाखवायला लागलात. धूर काळा असता तर पेट्रोल जास्त, हा निळा म्हणजे तेल जळतंय. गाडी गिअरमध्ये ठेवून ढकलायला लावलीत, तर इंजिननं मला असं अडवलं की छातीत भरलं. "दम हाय अजून," तुम्ही म्हणालात. प्लग काढला तर तेलानं न्हालेला. तो सुकवायला तुम्ही चुलीच्या कडेला ठेवलात आणि चाचींच्या शिव्या खाल्ल्यात. शेवटी माझ्या समाधानासाठी सिलिंडर उतरवलात. पिस्टनची आधी काढून ठेवलेली एक जुनी रिंग नुसतीच आत सरकवलीत आणि तिच्या दोन टोकांमधली फट मोजायला जुन्नरी कागदाच्या पट्ट्या कापल्यात, तुमच्या मेव्हण्यानं हातानं बनवलेल्या कागदाच्या. माझा हात बारीक, म्हणून आत मीच घातला. खाली तोंडाशी जितक्या पट्ट्या फटीत बसल्या, तितक्याच वर, जिथं झीज आधी होते, तिथंही बसल्या. सिलिंडर झिजला असता तर वर जास्त मावल्या असत्या. मी पुन्हा मोजलं, मग परत एकदा. तुम्ही बिडी ओढत होता.

मग तेल येतंय कुठून? तुम्ही मला शेठच्या मागं कॅरिअरवर बसवून तळेघरच्या वाटेला धाडलंत. निघताना म्हणालात, "धुराकडं नको बघू. शेठच्या हाताकडं बघ."

त्या गाडीला तेल आपोआप मिळत नसे. टाकीला पंप होता, त्याचा दट्ट्या चालवणाऱ्यानं अधूनमधून हातानं दाबायचा. घोडेगाव सुटलं आणि ओढ्यापाशी शेंदूर फासलेला एक दगड आला. शेठनी मान लववली आणि दट्ट्या दाबला. पुढं वळणावर म्हसोबा, पुन्हा दट्ट्या. वेशीवर मारुती, झाडाखाली कुठली तरी आई, शेताच्या बांधावर वीर, मग एका पिराचं थडगं. शेठचा भाव सर्वांवर सारखा. डोंगर जवळ आला तसे देव दाट होत गेले आणि मागं निळा ढग. मी ओरडून विचारलं, हे काय करताय? शेठ म्हणाले, "चाचांनीच सांगितलंया. देव दिसला का येक दट्ट्या."

परत येऊन मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात. दर थोड्या मैलांनी एक दट्ट्या, असं तुम्ही आधी सांगितलं होतं, पण मैल कसे मोजायचे म्हणून शेठ अडले, तेव्हा देवांचं ते तुम्ही नारायणगावच्या सडकेच्या हिशेबानं बोलून गेला होता. तिथं देवळं लांब लांब. डोंगरात हात टाकावा तिथं देव, हे तुमच्या ध्यानात कुठून येणार? मग तुम्ही हसायला लागलात, ते खोकला येईपर्यंत, चाची पाणी घेऊन धावत आल्या तरी थांबेनात. शेठना म्हणालात, "नमस्कार सगळ्यास्नी करा, शेठ. तेल फकस्त मारुतीला."

शेठना ते तात्काळ पटलं. मारुती गावागणिक एकच असतो आणि त्याला तेल घालायचंच असतं. पुढच्या बाजाराला ते तळेघरहून येऊन थेट जुन्नरात आले, मागं हवा स्वच्छ. माझे वडील त्या दिवशी मुद्दाम आलेले. गाडीभोवती फिरले, वाकून धुराच्या नळीत डोकावले आणि म्हणाले, "धूरच न्हाय, मंग हिची चूल पेटली का न्हाय?" तुम्ही गंभीर तोंडानं सांगितलंत, "ह्ये तुमच्या पोराचं काम हाय, पावणं." जाताना वडील म्हणाले, सुनेला इकडंच पाठवतो. एवढा आनंद मला पुढं स्वतःचं दुकान टाकतानाही झाला नाही. तुम्ही ती मोजमापाची रिंग माझ्या हातावर ठेवलीत, ती अजून माझ्या किल्ल्यांना आहे.

मास्तरांचं म्हणाल तर त्यांनी मायेपोटी खुणेच्या वर तेल भरलं होतं. हसत गेले.

हे पत्र टाकणार कुठं? घडी करून हत्यारांच्या पेटीत ठेवतो. पण एक सांगून टाकतो. शेठच्या मुलानं ती गाडी पुढं मला दिली आणि मी तिच्यावरूनच जुन्नरला येतो. वाटेत तेल फक्त मारुतीला, तुम्ही सांगितलंत तसंच. मात्र तुमच्या कबरस्तानाजवळ आलो की माझा हात आपसूक टाकीकडे जातो आणि एक दट्ट्या तुमच्या नावानं दाबतो. इंजिनला त्याची काही गरज नसते. मागं थोडा निळा धूर निघतो, लोक बघतात, आणि मी तो निघू देतो.