कोरडं फडकं

नाहूर, मंगळवार, १३ जानेवारी, संध्याकाळ

सुलूचा फोन येऊन गेला, तरी डोक्यातून जात नाही. पोरगी तिकडे जर्मनीत, हवेतली धूळ मोजणाऱ्या उपग्रहावर काम करते. तो दुपारी दीडच्या सुमारास आपल्यावरून जातो, हे तिनेच सांगितलेलं. तेव्हापासून आठ दिवस मी जेवण आटोपून गच्चीवर टाकीपाशी उभा राहतोय. तिने पाठवलेला लाल स्वेटर घालून, भर उन्हात. आज ते बोलता बोलता तोंडातून निघून गेलं.

"बाबा, अरे तो माणसं नाही बघत," ती हसत सुटली. "धूळ, धूर, एवढंच कळतं त्याला. त्यावरून हवामान कसं बदलतंय ते आम्ही काढतो." मग हसणं थांबवून तिने विचारलं, "स्वेटर बसला ना नीट?"

बसला म्हटलं. दोन वर्षं झाली तिला बघून.

नंतर खिडकी पुसायला घेतली. एरवी ओल्या फडक्याने पुसतो, धूळ उडू नये म्हणून. आज कोरडंच घेतलं. चिमूटभर धुळीने तिकडे काय कळणार, एवढं मलाही समजतं रे बाबा. तरी फडकं न झटकता घडी घालून ठेवलंय. उद्या दीड वाजता गच्चीवर झटकेन.