गादीवरची जागा

शहापूर, बेळगाव
५ ऑक्टोबर २०२५

ती. रूपाली आक्कास, साईराजचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू आधी रागावतीस आणि मग ऐकतीस, म्हणून कागद घेतला. दाजी बरे असतील. इथं ढग येतात न् नुसतेच जातात. आमच्या गल्लीत एकानं पोपट आणलाय, तो कन्नडमधनं शिव्या देतो. ते असो.

साडीच्या दुकानात मला माळ्यावरनं खाली गादीवर बसवलं. आता गिऱ्हाइकांना साड्या मीच दाखवतो. तुला आनंद होईल, पण मला तिथं बसवत न्हाय. ती जागा दुकानातल्या जुन्या भरमाआप्पांची.

आप्पा बोलताना अडखळतात. शब्द अडला की साडीचा पदर फर्रकन पसरतात. बायका पदर बघतात तोवर शब्द येतो. कुणाला कळतपण न्हाय. मला मात्र कळलंतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत आप्पा हात धुवायला गेलते. मी त्यांच्या जागेवर बसलो, अडखळलो न् खांद्यावरचा टॉवेल पसरला. माझ्याबरोबर कामाला असलेला युवराज हसून लोळला. मालक रघुवीरअण्णासुद्धा हसले, म्हणून मी परत केलं. वळून बघतो तर आप्पा दारात, हात ओले.

हात पुसून ते जागेवर बसले. त्या दिवसापासनं गिऱ्हाइकाशीच बोलत न्हाईत. मुकाट साड्या पुढं ठेवायचे, पदर पसरायचंही सोडलं. बायका उठून जायला लागल्या. अण्णांना वाटलं, आप्पा थकले. त्यांना माळ्यावर घड्या घालायला पाठवलं न् मला खाली आणलं.

दसऱ्याला आपट्याचं पान घेऊन मी वर गेलो. पाया पडलो, सोनं घ्या आप्पा, सोन्यासारखं राहू म्हटलं. त्यांनी पान घेतलं, मलाही दिलं. म्हणजे मिटलंच की, व्हय न्हवं? नसलं मिटलं तर हे काम सोडून गोव्याकडं जावं म्हणतो. तिकडचा एक ड्रायव्हर ओळखीचा झालाय.

आईला काय सांगू नको. तुझी माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
साईराज

निपाणी
९ ऑक्टोबर २०२५

चि. साईराज यास, रूपालीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोपटाचं वाचून हे हसले, पुढचं वाचून मी कपाळाला हात लावला.

अरं शहाण्या, दसऱ्याचं सोनं कुणी परत करतं का? वैऱ्यानं दिलं तरी त्या दिवशी घ्यावंच लागतं. तू नेमका तोच दिवस धरलास, आप्पांना न्हाय म्हणायची सोयच ठेवली न्हाईस. आणि चुकलो असं कुठं म्हटलास? पत्र परत वाचलं, मला ते सापडलं न्हाय.

मी दवाखान्यात केसपेपर काढायला नवीन बसले तेव्हा डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर मला झापलंतं. चूक माझी नव्हती. नंतर त्यांनी एकटीला आत बोलवून माफी मागितली. बाई चांगल्या, पण झापलेलं ज्यांनी ऐकलं, त्यांनी माफी ऐकली न्हाय. त्यांच्या लेखी मी अजून गबाळीच आहे. तू चौघांना हसवलंस, तर चौघांतच बोल. जागा गेली तर जाऊ दे.

संकेश्वरचं गॅरेज सोडलंस, मी गप्प बसले. ह्या वेळी पळालास तर भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नको.

वेळेवर जेव. रागावले तरी तुझीच,
आक्का

शहापूर, बेळगाव
१७ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास, शि. सा. न. वि. वि.

ड्रायव्हर गेला, मी राहिलो. मधी एकदा आप्पांना जिन्यात गाठून हळूच उरकणार होतो. मग तुझ्या डॉक्टरबाई आठवल्या.

आप्पा हल्ली माळ्यावरच डबा खायचे. काल त्यांना विनवून खाली आणलं. सगळ्यांसमोर म्हटलं, मी आप्पांची टर उडवली, माझं चुकलं. ते थकले न्हाईत, माझ्यामुळं गप्प झाले. एवढं बोलताना मीच कितीदा अडलो. युवराज डब्यात बघत बसला. अण्णा पुटपुटले की आपणपण हसलो होतो, न् मग मला लई झापलं. दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाइकं घालवलीस म्हणाले. आप्पांना परत गादी दिली, मला माळा.

आप्पा मला काय म्हणतात म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी डब्याचं झाकण लावलं न् एवढंच विचारलं, की इरकल साड्या कुठल्या खणात ठेवल्यास. मी सांगितलं. बस्स.

आज लग्नाचा बस्ता बांधायला बायका आल्या. मी वरनं गठ्ठा घेऊन उतरलो तेव्हा आप्पा त्यांच्याशी बोलत होते. शब्द अडला. हात पदरावर गेला न् थांबला. आधी त्यांनी माझ्याकडं बघितलं, आक्का. मी हसतोय का ते बघितलं. मान खाली घातली तर हसू लपवतोय असं वाटंल, वर ठेवली तर मजा बघतोय असं. काय करावं कळंना, गठ्ठा धरून तसाच उभा राहिलो. मग त्यांनी पदर पसरला, शब्द आला.

ते आता रोज असं बघणार. बघू देत. मी कुठं जात न्हाय.

भाऊबीजेला येऊ का, तेवढं कळव. लोभ मागायला तोंड न्हाय, तरी असू दे.

तुझा,
साईराज